अंजनाबाईला मोकळी हवा

दवाखान्यात डॉक्टर प्रश्न विचारायचे अंजनाबाईला आणि उत्तरं द्यायचे मारुतराव. गेली काही वर्षं हे असंच चाललं होतं. शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कफ पडतो का?" मारुतराव म्हणाले, "पडतो की, सकाळी लई पडतो." "जेवण?" "जेवण चांगलं हाय." "झोप लागते?" "झोप एकदम मस्त." अंजनाबाई रात्र रात्र उशीला टेकून बसून काढायची आणि हे गृहस्थ शेजारच्या खोलीत घोरत पडलेले असायचे. म्हणजे झोप मस्त होती हे खोटं नव्हतंच, फक्त ती त्यांची स्वतःची होती. पण नवरा बोलत असताना बाईनं मध्ये तोंड घालायचं नाही, हे अंजनाबाई माहेरी मांडवगण फराट्यालाच शिकली होती आणि राहू गावी सासरी आल्यावर ते अंगात पुरतं मुरलं होतं.

मारुतराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन, चार माणसांत ऊठबस, लग्नाकार्यात पहिल्या पंगतीचा मान. बायकोवर त्यांनी कधी हात टाकला नाही, औषधाला कधी नाही म्हटलं नाही. शिरूरची इंजेक्शनं झाली, तोंडातून ओढायचा पंप झाला, कुणीतरी सांगितलेला काढा झाला. तरी अंजनाबाईला न्हाणीपासून ओट्यापर्यंत यायला मध्ये एकदा भिंत धरावी लागायला लागली. पावलं सुजली, चपलेचा पट्टा रुतायला लागला. तेव्हा त्यांनी स्वतः गाडी काढली आणि तिला दौंडला छातीच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टर सुलक्षणा वयानं लहान होत्या आणि घाईत नव्हत्या, या दोन्ही गोष्टींचं अंजनाबाईला नवल वाटलं. त्यांनी तिला कुशीवर झोपवलं, छातीला थंडगार जेली लावली आणि मशीनचा दांडा फासळ्यांवर फिरवत पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. मारुतराव खुर्ची पुढे ओढून क्रिकेटची मॅच बघावी तसे बघत बसले.

"मावशी, तुमचं नुसतं दम्याचं दुखणं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षानुवर्षं फुप्फुसं खराब होत गेली, की त्यांतल्या बारीक रक्तवाहिन्याही बदलतात. भिंती जाड होतात, कडक होतात. मग त्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो. हा उजवीकडचा कप्पा बघा, फुगलाय. दाब वाढलाय. सीटी स्कॅनमध्येही फुप्फुसाकडे जाणारी मोठी नळी शेजारच्या नळीपेक्षा जाड दिसतेय. अगदी पक्का दाब मोजायचा तर शिरेतून आत नळी घालावी लागते, पण आपण आधी या बाहेरच्या खुणांवरच लक्ष ठेवू."

"म्हंजी सुईबिई काय न्हाई?" मारुतराव खूश झाले.

"नाही. पण खूण बाहेरून कळली म्हणून दुखणं बाहेरचं होत नाही, काका." मग त्या अंजनाबाईकडे वळल्या. "मावशी, मिसरी, बिडी काही?"

"छ्या, छ्या," मारुतराव म्हणाले.

"धुराशी किती संबंध येतो?"

अंजनाबाईनं तोंड उघडलं होतं. पण तिला एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घ्यावा लागायचा आणि मारुतरावांना एकदाही नाही.

"चूल!" ते म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं चूल. घरात गॅस हाय की मॅडम, पर हिला भाकरी चुलीवरच करायची आसती. आयकतंय कोण?"

गॅसवरची भाकरी मारुतरावांच्या घशाखाली उतरत नव्हती. एकदा अंजनाबाईनं केली होती, तर ताट तसंच सारून उठले होते. पण हे तिथं सांगणार कोण? डॉक्टरांनी चुलीचं लिहून घेतलं आणि बजावलं, की धूर पूर्ण बंद झाला पाहिजे. कडक झालेल्या नळ्या मऊ करणारं औषध त्यांच्यापाशी नव्हतं. धुरापासून लांब, मोकळ्या हवेत राहायचं, पंप चुकवायचा नाही आणि तीन महिन्यांनी परत दाखवायला यायचं.

घरी आल्यावर मारुतरावांनी चूल मोडली. नुसती मोडली नाही, भावकीतल्या चार जणांना बोलावून मोडली. कुदळीचा पहिला घाव स्वतः घातला. "बायकूच्या जीवापरीस भाकरी मोठी हाय व्हय?" असं म्हणाले आणि चहा सांगितला. आठवडाभर ते पारावर, सोसायटीत, जिथं बसतील तिथं गॅसचं महत्त्व सांगत होते. ऐकणाऱ्या बायका घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत होत्या. अंजनाबाईलाही बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला? आपल्यासाठी घरातलं काहीतरी मोडलं गेलं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मग मोकळ्या हवेची व्यवस्था झाली. मारुतरावांनी अंगणात, कडुनिंबाखाली खाट टाकून घेतली. नवी गादी, पाठीला तक्क्या, पाण्याचा तांब्या. "दिसभर हितं बसायचं. घरात कोंडून घ्यायचं न्हाई. डॉक्टरांनी काय सांगितलंय? मोकळी हवा."

खाटेच्या समोर, कुंपणापलीकडे हाकेच्या अंतरावर गुऱ्हाळ होतं.

गुऱ्हाळ सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. तेव्हा भट्टीत उसाचं वाळलेलं चिपाड जळायचं आणि गुळाचा वास आल्यागेल्याला थांबवायचा. आता चिपाडाला गिऱ्हाईक होतं, ते ट्रॅक्टरनं बाहेर जायचं. भट्टीसाठी कुठून कुठून गाड्या भरून कातरण यायचं. चपलांच्या तळव्यांचे तुकडे, रबर, प्लास्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे. रस उकळायची काहील झटक्यात तापायची. धुराड्यातून जाड, काळा धूर निघायचा आणि वारा पडला की तो वर जायचं सोडून अंगणात उतरायचा. वाळत घातलेल्या साड्यांवर काळे ठिपके पडायचे. गावात कुणी बोलत नव्हतं, कारण चेअरमनच्या गुऱ्हाळाबद्दल बोलून कुणाला पीककर्जासाठी सोसायटीत हेलपाटे घालायचे होते?

पण खरी गंमत अशी, की मारुतराव डॉक्टरांशी ठरवून खोटं बोलले नव्हते. घरात त्या धुराला धूर म्हणायची पद्धतच नव्हती. चुलीतून निघतो तो धूर. गुऱ्हाळातून जे निघतं ते "भट्टी चालू हाय". भट्टी चालू असणं ही चांगली गोष्ट होती. भट्टीवर पोराचं लग्न झालं होतं, घरावर स्लॅब पडला होता. अंजनाबाईनं एकदा फार पूर्वी म्हटलं होतं, "ह्या वासानं डोस्कं उठतंय." तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लक्ष्मीला वास येतो म्हणू न्हाई." ते तिला इतकं पटलं होतं, की तीही धूर म्हणजे चूलच समजून चालली होती. बाईनं इतकंही समजूतदार असू नये.

सून नीलमला मात्र दिसत होतं. ती तान्ह्या लेकीला काखेत घेऊन खाटेपाशी यायची, तक्क्यावरची काजळी झटकायची आणि हळूच म्हणायची, "आत्या, खाट मागच्या बाजूला घेऊ का?"

"नगं गं. त्यांनी मांडलीया. त्यांला वाईट वाटंल."

त्यांना वाईट वाटेल म्हणून अंजनाबाई दिवसभर मोकळ्या हवेत बसली.

तीन महिन्यांनी डॉक्टर सुलक्षणांनी परत दांडा फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दाब उतरायच्या ऐवजी चढला होता. उजवा कप्पा आणखी ताणला गेला होता.

"चूल बंद केलीत ना, काका?"

"बंद? मोडूनच टाकली! कुणालाबी इचारा राहूत."

"पंप घेतात वेळेवर?"

"माझ्यासमोर घेती."

डॉक्टरांनी दांडा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी आणखी एक तपासणी करते. नखाच्या मुळाशी त्वचा पातळ असते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कॅमेऱ्यातून दिसतात. फुप्फुसातल्या बदलांचा त्यांवरून अंदाज येतो का, याचा आम्ही अभ्यास करतोय. जरा वेळ लागेल."

तेवढ्यात मारुतरावांचा फोन वाजला. सोसायटीचं काहीतरी होतं. "तुमचं चालू द्या," म्हणत ते बाहेर गेले आणि व्हरांड्यात त्यांचा आवाज चढला. अंजनाबाई लग्नानंतर पहिल्यांदाच कुठल्याही डॉक्टरसमोर एकटी बसली होती.

डॉक्टरांनी तिचं बोट धरलं आणि नखाच्या कडेला तेलाचा थेंब सोडला. पडद्यावर लालसर रेषा उमटल्या. "निरोगी माणसाच्या अशा ओळीनं दिसतात, केसांत खोवायचे आकडे असतात ना, तशा," त्या सांगत होत्या. "तुमच्या बघा, काही फुगल्यात, काही वाकड्या. इथं तर मधल्या गायबच आहेत." मग त्या थांबल्या. त्यांनी कापूस ओला करून नखाची कड पुसली. कापूस काळा झाला. दुसरं बोट पुसलं, कापूस पुन्हा काळा.

"मावशी, चूल मोडून तीन महिने झाले ना? मग हे काय आहे?"

अंजनाबाईनं सवयीनं दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. डॉक्टर वाट बघत होत्या. कुणीतरी आपल्या बोलण्याची वाट बघतंय, हे तिला इतकं अवघड वाटलं, की आधी डोळ्यांत पाणीच आलं.

"भट्टी," ती म्हणाली.

"कसली भट्टी?"

"गुळाची. अंगणाम्होरं हाय. चपला जाळत्यात. रबर जाळत्यात." मध्ये श्वास घेतला. "माझी खाट तितंच हाय. मोकळ्या हवंला." पुन्हा श्वास. "ह्यांला सांगू नगा, मी बोलले म्हून."

सांगितल्याशिवाय कसं चालणार होतं? मारुतराव आत आले तेव्हा डॉक्टरांनी कापसाचे बोळे त्यांच्यासमोर ठेवले आणि आवाज न चढवता सगळं ऐकवलं. चपलांचा धूर चुलीच्या धुरापेक्षाही वाईट. या बाई त्या धुरात राहिल्या तर एक-दोन वर्षांत हृदय हात टेकेल. "या धुरात त्या राहता कामा नयेत, काका. एक दिवससुद्धा नाही. मी स्पष्ट सांगतेय."

मारुतरावांनी मान डोलावली. चेहरा उतरला होता त्यांचा, ते खरंच घाबरले होते. परतीच्या वाटेवर ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत. अंजनाबाईला वाटलं, रागावलेत. तरी तिच्या मनात काहीतरी सुटं झालं होतं. आता भट्टीचं काहीतरी करतील. कातरण थांबवतील, चिपाड पुन्हा लावतील. जो माणूस चार लोकांसमोर चूल मोडतो, तो एवढं नक्की करेल. खिडकीची काच खाली करून ती बाहेरचा ऊस बघत राहिली आणि घरी कधी पोहोचतो असं तिला झालं.

दोन दिवस घरात पुरुषमंडळींची बोलणी चालली. पोरगा ज्ञानेश, चुलत दीर, सगळे बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मारुतराव खाटेपाशी आले आणि कधी नव्हे ते तिच्या पायाशी बसले.

"मी लई इचार केला," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाल्या त्ये खरं हाय. तू ह्या धुरात ऱ्हाता कामा नये."

गुऱ्हाळाच्या धुराला ते पहिल्यांदाच धूर म्हणत होते. अंजनाबाईला भरून आलं.

"मल्हारीला फोन केलाय मी. उद्या गाडीनं सोडतो तुला मांडवगणला. नदीकाठ हाय, हवा चांगली हाय. गादी, तक्क्या सगळं संगं देतो."

तिला आधी कळलंच नाही. "किती दिस?" तिनं विचारलं.

"बरी हुईस्तवर. आगं, माहेरीच चाललीस की! परक्याच्या घरी व्हय?"

"आन् भट्टी?"

मारुतरावांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिनं घर पाडायला सांगितलं होतं. "भट्टीचं काय? आजारी तू हायस का भट्टी?"

सगळ्यांना पटण्याजोगंच होतं ते. नीलम दाराआडून ऐकत होती, तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं. अंजनाबाईनं आपली लुगडी पिशवीत भरली. ज्या घरात ती सून म्हणून आली, सासू झाली, आजी झाली, त्या घरातून तिला डॉक्टरांच्या सल्ल्यानं काढून लावण्यात आलं.

मल्हारीनं, तिच्या धाकट्या भावानं, तिला उतरवून घेतलं. "आक्का, तुजंच घर हाय," तो म्हणाला आणि मनापासून म्हणाला. भावजय सिंधूबाईनं पहिल्या आठवड्यात पुरणपोळी केली, दुसऱ्या आठवड्यात भाजी निवडायला पुढ्यात टाकली आणि तिसऱ्या आठवड्यात शेजारणीला विचारलेलं अंजनाबाईच्या कानावर आलं, "न्यायला कवा येणार कुणास ठाऊक." तिचं तरी काय चुकलं? माहेरपण तरण्या पोरींचं असतं. नातवंडं झालेली बाई माहेरी राहिली की गाव कारण शोधतं, आणि इथं गावाला तर एकच कारण दिसत होतं, की नवऱ्यानं टाकली.

पण श्वास सुधारला. हे तिलाही नाकारता येत नव्हतं. पावलांची सूज उतरली. आधी ओट्यापर्यंत, मग वेशीपर्यंत, मग भीमेच्या काठापर्यंत ती चालत जायला लागली. नदीच्या पलीकडे, झाडांच्या मागे कुठंतरी राहू होतं. ती तिकडे तोंड करून बसायची आणि मनात हिशेब जुळवायची, की आपण बरं व्हायचं, मशीनमध्ये तसं दिसलं की डॉक्टरच म्हणतील, जा आता घरी. दम लागला तरी ती रोज थोडं जास्त चालायची. घरी जायचं म्हणून चालायची.

नीलमचा फोन यायचा. "आत्या, कवा येताय?" पलीकडे नात खोकत असायची. कोरडा, छोटा, न थांबणारा खोकला.

"दवाखान्यात दावलं का?"

"थंडीचं हाय म्हणत्यात."

मे महिन्यात कसली थंडी? त्या दिवशी अंजनाबाईला नदीकाठी बसवेना.

पुढच्या तपासणीला मल्हारीनं तिला दौंडला आणलं आणि तो बाजाराच्या कामाला गेला. राहूहून मारुतराव आले होते, नवा सदरा घालून. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना ते सांगत होते, की हवापालट केला, खर्चाकडे बघितलं नाही, बायकोसाठी एवढं कोण करतं. आत डॉक्टर सुलक्षणांनी दांडा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मावशी, दाब उतरलाय! फार नाही, पण उतरलाय. कप्पाही बरा दिसतोय. असं क्वचित होतं." त्या मारुतरावांकडे वळल्या. "काका, धूर बंद केलात, फार मोठं काम केलंत. आमच्या शिबिरात तुम्हाला बोलवणार आहे मी, इतर गुऱ्हाळवाल्यांना सांगायला."

"व्हय की," मारुतराव म्हणाले. "येतो की."

अंजनाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांना लाज वाटली असेल, असं तिला वाटलं होतं. नव्हती वाटली. शाबासकी मिळाली की ते घेत असत, एवढंच. तिच्या छातीत जे वर आलं ते दम लागल्यासारखं नव्हतं, तो राग होता आणि इतक्या वर्षांत तिला तो ओळखूही येत नव्हता.

"भट्टी न्हाई बंद केली, मॅडम," ती म्हणाली. एका दमात म्हणाली. "मला बंद केलीया, मांडवगणला. भट्टी चालूच हाय. चपलाबी त्याच. माझी नात तितं खोकतीया, तिला थंडी झाली म्हणत्यात. मी इतकी चालले, इतकी बरी झाले, का तर घरला जायचं म्हून. आता सांगा, जाऊ का घरला?"

मारुतरावांनी खिशातून फोन काढला आणि उगाच बघितला.

डॉक्टर सुलक्षणांनी पडदा बंद केला. त्या चांगल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं, हे दिसत होतं. "काका, हे बरोबर नाही," त्या म्हणाल्या. मारुतराव म्हणाले, "तुमीच म्हणाला व्हता, हिनं धुरात ऱ्हाऊ नये. मग न्हाई ठिवली." यात खोडायला काही नव्हतं. डॉक्टरांनी तक्रार कुठं करता येते ते सांगितलं, मारुतरावांनी जरूर करा म्हटलं, कारण ती कुणाच्या टेबलावर जाऊन पडते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी डॉक्टर अंजनाबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मावशी, मी खोटं नाही सांगणार. परत गेलात तर दाब पुन्हा चढेल. तिकडेच राहा. आणि नातीला एकदा घेऊन या, तिचीही तपासणी करू. लहान मुलांनाही सुई लागत नाही."

"आणू की," मारुतराव म्हणाले.

अशा रीतीनं सगळ्यांचं समाधान झालं. दाब उतरला होता, त्यामुळे कुणाचं काही चुकलंच नव्हतं. बाहेर आल्यावर मारुतराव गाडीचं दार उघडून म्हणाले, "चल, मांडवगणपतूर सोडतो." आवाजात राग नव्हता. उपकार होता.

"मी जाईन यष्टीनं," अंजनाबाई म्हणाली. "मल्हारीला फोन करून सांगा."

तो त्यांना उद्धटपणा वाटला. "बरं," म्हणून त्यांनी दार लावलं आणि गाडी राहूच्या दिशेनं वळवली. अंजनाबाई चालत स्टँडवर आली. मांडवगणवरून शिरूरला जाणारी गाडी उभी होती. ती दांडी धरून पायऱ्या चढली, न थांबता चढली, आणि खिडकीपाशी जाऊन बसली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. गेली कित्येक वर्षं रडू आलं, की खोकल्याची उबळ यायची आणि रडणं तिथंच तुटायचं. आज तुटलं नाही. गाडी हलली, दौंड मागे पडलं, कंडक्टर तिकीट विचारून दोनदा परत गेला, तरी अंजनाबाई रडत होती आणि श्वास पुरत होता.